बांध : मालकीचा आणि मातीचा

प्रास्ताविक

भूगोलाच्या क्षेत्र-अभ्यासासाठी एखादे गाव निवडावयाचे होते, तेव्हा सोय म्हणून मी माझेच गाव निवडले. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त पट्ट्यातले हे गाव. पाऊस कमी, तोही लहरी. माळावर मुरूम, मध्ये हलकी तांबूस जमीन आणि ओढ्याकाठी काळी. विषय घेतला होता 'मृद्संधारण'. उताराची मापे घ्यावीत, मातीची खोली पाहावी, पावसाचे आकडे भरावेत आणि अहवाल पुरा करावा, एवढाच माझा बेत होता.

प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता, 'आपल्या शेतात बांध कशासाठी घातला आहे?' याचे उत्तर 'माती अडवण्यासाठी' असे येणार, हे मी गृहीतच धरले होते. परंतु ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतील बहुतेकांनी एकच उत्तर दिले, 'हद्दीसाठी.' एक वृद्ध शेतकरी तर माझ्या अज्ञानाची कीव करून म्हणाले, "आरं, बांध नसला तर भाऊ कुठं संपला आन् मी कुठं लागलो, कसं कळायचं?"

त्या उत्तराने माझ्या अभ्यासाची दिशा बदलली. मातीची धूप ही पाऊस, उतार आणि मातीचा पोत यांवर अवलंबून असते, असे आपण शिकतो. ते खरेच आहे. परंतु त्या उतारावर राहणारी माणसे जमिनीकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, वाटणी कशी करतात, कोणत्या कामाला आपले म्हणतात आणि कोणत्या कामाला परके, यांवरही मातीचे राहणे किंवा जाणे ठरते. प्रस्तुत लेखात दख्खनच्या कोरडवाहू भागापुरता हा विचार मांडण्याचा प्रयत्न आहे.

काळी आई

शेतकरी जमिनीला 'काळी आई' म्हणतो. गावाची वस्ती ती 'पांढरी' आणि शेती ती 'काळी', अशी जुनी विभागणी आहे. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सारे कुटुंब शेतात जाते, कडब्याची कोप करून पूजा मांडते आणि आल्यागेल्याला आग्रहाने जेवू घालते. नांगर धरण्यापूर्वी जमिनीला हात लावून नमस्कार करणारी माणसे मी माझ्या घरात पाहिली आहेत. तेव्हा आपल्या शेतकऱ्याला मातीविषयी आस्था नाही, असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल.

परंपरेत मातीच्या भल्याचे आचारही आहेत. दिवाळीनंतर धनगरांचे कळप माळरानावरून खाली उतरतात आणि शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात. रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंडीने व मुताने जमिनीला खत मिळते. सह्याद्रीतल्या देवराया हे दुसरे उदाहरण. देवाच्या कोपाच्या भयाने तेथे फांदी तोडली जात नाही, पाचोळा पडून राहतो, माती जागची हलत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांच्या नजरेस आणले.

परंतु येथेच एक मर्यादा दिसते. देवराईच्या सीमेच्या आत कुऱ्हाड चालत नाही, सीमा ओलांडली की चालते. पूज्यभाव त्या विशिष्ट जागेपुरता असतो. तसेच काळ्या आईचे आहे. जमीन पूज्य आहे, म्हणून ती विकणे हे पाप मानले जाते. मात्र तीच जमीन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याने वाहून गेली, तर ते पाप कोणाच्याच माथी येत नाही. ते निसर्गाचे, नशिबाचे. एका एकराचे खरेदीखत झाले तर घरात सुतक पडल्यासारखे होते. त्याच एकरावरची वीतभर माती तीस वर्षांत गेली, तर कोणाच्या ते ध्यानीही येत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, खोली लिहिलेली नसते.

वाटणी आणि उतार

आता वाटणीचा विचार करू. आपल्याकडे वाटणी न्याय्य असावी लागते, आणि न्याय्य म्हणजे प्रत्येक भावाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा हिस्सा. माळाकडची हलकी जमीन एकाला आणि ओढ्याकाठची काळी दुसऱ्याला, अशी वाटणी कोणी मान्य करत नाही. चार पंच बसतात, दोरी धरतात, चिठ्ठ्या टाकतात. परिणाम असा होतो, की शेताच्या पट्ट्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत, म्हणजे उताराच्या दिशेनेच पडतात.

पुणे येथील शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने आजही वाचण्यासारखा आहे. त्या गावी १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांच्या जमिनीचे शेकडो तुकडे झाले होते. ते गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात सामावले आहे आणि तेथे उंच इमारती आहेत. परंतु त्या गावाची जी कहाणी मान यांनी लिहिली, ती दख्खनच्या हजारो गावांची आहे. शासनाने १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला, तरी घरातली वाटणी थांबली नाही. कागदावर सामाईक आणि रानात वेगवेगळे, अशी वाट लोकांनी काढली.

तुकडे झाल्याने शेती परवडत नाही, हे अर्थशास्त्राच्या तासाला आपण ऐकतो. मातीच्या दृष्टीने त्यातली खोच वेगळी आहे. पट्टी अरुंद आणि लांब असली, म्हणजे औत उताराला आडवे चालवणे कठीण होते. दहा-वीस पावले गेले की वळावे लागते, बैल शेजाऱ्याच्या पिकात जातात. ट्रॅक्टरला तर त्याहून जास्त जागा लागते. म्हणून नांगरट आणि पेरणी लांबीच्या बाजूने, म्हणजे वरून खाली होते. प्रत्येक तास मग पाण्याची नाली बनतो. मृगाच्या पहिल्या वळवासारख्या सरीने भुसभुशीत केलेली माती त्या नालीतून सरळ ओढ्याला मिळते. उताराला आडवी पेरणी करा, असे प्रत्येक कृषी पुस्तिका सांगते. ती कशी करावयाची हा प्रश्न मात्र वाटणीत अडकलेला असतो. भावाभावांना न्याय देणारी वाटणी मातीवर अन्याय करते, असे म्हणावेसे वाटते.

आणि मग येतो तो सरबांध, दोघांच्या सामाईक हद्दीचा. विदर्भ-मराठवाड्याकडे याला धुरा म्हणतात. 'बांध कोरणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आला नाही. दर वर्षी नांगरटीच्या वेळी एक तास बांधात घालावयाचा आणि शेजाऱ्याची वीतभर जमीन आपलीशी करावयाची, ही जुनी खोड. शेजारी पलीकडून तेच करतो. दोघांनाही जमीन मिळत नाही, बांध मात्र पातळ होत जातो.

हे मी परक्याचे सांगत नाही. आमच्या आणि चुलत आजोबांच्या शेतामधला बांध पूर्वी बैलगाडी जाईल एवढा रुंद होता, असे आजी सांगे. त्यावर लिंबाची झाडे होती. माझ्या आठवणीत तो पाऊलवाटेएवढा उरला होता. दोन्ही घरांनी एकमेकांवर आरोप केले, कज्जा झाला, लग्नकार्यात जाणे-येणे बंद झाले. एका पावसाळ्यात मोठ्या सरीने तो बांध फुटला. एका रात्रीत घळ पडली आणि दोन्ही शेतांची माती ओढ्याला गेली. सकाळी दोन्ही घरची माणसे घळीच्या दोन्ही काठांवर उभी होती. तेव्हाही बोलणे झाले ते हद्द आता कोठे धरावयाची याविषयी. मातीविषयी कोणी शब्द काढला नाही.

सरकारी बांध

माती अडवावी हे आपल्याकडे कोणाला सुचलेच नव्हते, असे नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेण-मूत यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात कसे येते, याचे वर्णन आहे. फौजेतील व पोलिसांतील लोकांकडून जागोजागी ताली व बांध घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मगच ओढ्यानाल्यांस मिळेल, अशी सूचनाही त्यांनी केली आहे. शेतकऱ्यांतही ओघळीत दगडांची ताल घालून मागे माती साठवण्याची रीत जुनीच. आमच्या गावच्या ओढ्याला मिळणाऱ्या एका ओघळीत अशी ताल आहे. ती कोणी घातली हे कोणाला आठवत नाही. पण तिच्यामागे गाळाचे जे लहानसे वावर तयार झाले आहे, ते गावातले सर्वांत कसदार.

शास्त्रीय पातळीवर कामाला आरंभ झाला तो १९२० च्या दशकात. ना. वि. कानिटकर यांनी मांजरी येथे आणि पुढे १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रावर कोरडवाहू शेतीचे प्रयोग केले. उतारावरून वाहून जाणारे पाणी व माती प्रत्यक्ष मोजण्याचे कामही या प्रयोगांत झाले. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला आणि समपातळी बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात व नंतर रोजगार हमीखाली पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती यांची कामे निघाली. त्या कामांवर खपलेले हात मुख्यतः भूमिहीनांचे, अल्पभूधारकांचे आणि स्त्रियांचे होते, हे विसरता कामा नये.

एवढे काम होऊनही कित्येक ठिकाणी आज त्या बांधांचा मागमूस दिसत नाही. असे का व्हावे? शेतकरी अडाणी, त्याला स्वतःचे हित कळत नाही, असे उत्तर पूर्वी सर्रास दिले जाई. मला ते पटत नाही. समपातळी बांध समान उंचीच्या रेषेने जातो. त्या रेषेला हद्दी कळत नाहीत. ती एकाच्या शेतात शिरून तिरपी दुसऱ्याच्या शेतात निघते. शेताचे त्रिकोणी कोपरे होतात आणि त्यांत औत वळत नाही. वरच्याचे अडलेले पाणी खालच्याच्या अंगणात फुटते. खोल काळ्या जमिनीत तर बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडते, म्हणून शेतकरी स्वतःच बांधाला भगदाड पाडतो. त्यात बांधाखाली जमीन गेली, आणि कामाचा खर्च शेतकऱ्याच्या नावावर चढला, तो वेगळाच. जॉन केर आणि एन. के. संघी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखवले आहे. शेतकऱ्याला माती अडवणे नको असते असे नाही. त्याला ती आपल्या हद्दीवर, आपल्या शेतात अडवलेली हवी असते.

गावातल्या तात्यांना मी विचारले, "टेकडीखालचा बांध फुटला तेव्हा तुम्ही दुरुस्त का केला नाही?" तात्या म्हणाले, "त्यो सरकारी बांध. सरकारनं घातला, सरकार बघंल." आणि लगेच स्वतःच्या हद्दीच्या बांधावर निसटलेला दगड त्यांनी उचलून जागच्या जागी बसवला. ते पाहून मला वाटले, की या लेखाचा सारा आशय त्या दोन कृतींत आहे. शासनाने बांधाकडे केवळ माती अडवणारी भिंत म्हणून पाहिले. शेतकऱ्याने त्याकडे केवळ मालकीची रेघ म्हणून पाहिले. दोघांचेही पाहणे अर्धेच होते.

गावाचे ते कोणाचे?

खाजगी शेताचे हे झाले. गायरानाचे काय? माती वाहू लागते ती माथ्यावरून, आणि माथ्यावर बहुधा गायरान किंवा पडीक असते. तेथे कोणाचा बांध नाही, कारण तेथे कोणाची हद्द नाही. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, ही आपली वृत्ती तेथे उघडी पडते.

ही वृत्ती बदलू शकते, याची उदाहरणे मात्र आपल्याच राज्यात आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे १९७५ साली परतले, तेव्हा त्यांनी कामाचा आरंभ केला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने. बांधबंदिस्तीची पाळी नंतर आली. पुढे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. त्याच जिल्ह्यातील हिवरेबाजार येथे १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने चराई थांबली, डोंगरावर समतल चर खोदले गेले, गवत कापून नेण्याची शिस्त लागली. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावेच्या गावे टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर गेली. पहिल्या वर्षी पहिला क्रमांक आमच्याच जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळाला.

या तिन्ही ठिकाणी तंत्र नवीन नव्हते. चर आणि बांध कृषी खात्याला पूर्वीपासून ठाऊक होते. नवीन होते ते एवढेच, की कामाला गावात आधीपासून असलेल्या एखाद्या भावनेचा आधार मिळाला. कोठे देवळाचा शब्द, कोठे ग्रामसभेचा ठराव, कोठे शेजारच्या गावापेक्षा मागे राहू नये ही ईर्ष्या. 'सरकारी' असलेली गोष्ट 'आमची' झाली.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला स्वतःचे रान आहे, तो बांधावरचे गवत कापून गोठ्यात टाकतो. ज्याच्याजवळ चार शेळ्या आणि गायरान एवढेच आहे, त्याने काय करावे? ज्या धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवून आपण खत मिळवत आलो, त्यांनाच माळ बंद होतो. माती राखण्याचा खर्च भूमिहीनाने सोसावयाचा आणि विहिरीला वाढलेले पाणी जमीनवाल्याने घ्यावयाचे, हा न्याय नव्हे. गाव एक झाले असे म्हणताना त्या 'गावा'त कोण धरले आहे, हे पाहिले पाहिजे.

समारोप

आमच्या गावाबाहेर १९७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे. तो गाळाने भरत आला होता. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आल्यानंतर त्यातला गाळ निघू लागला. आमच्या घरानेही ट्रॅक्टर लावून काही खेपा आणल्या. चुलत आजोबांच्या घरानेही आणल्या. वाहतुकीचे पैसे ज्याचे त्याने भरले.

त्या दिवशी मी शेतात होतो. काळा, मऊ गाळ ट्रॉलीतून खाली पडत होता. आमच्या शेतावरचा ओढा त्याच तलावाला मिळतो. म्हणजे आम्ही पैसे मोजून जी माती आणत होतो, तिच्यातली काही तरी आमचीच होती. त्या रात्री घळीतून गेलेली, आमची आणि त्यांची एकत्र मिसळलेली. ती आता निवडून वेगळी करणे कोणत्याही न्यायालयाला शक्य नव्हते.

माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष साधा आहे. लोकांची दृष्टी बदला, मग माती वाचेल, असा उपदेश करून भागणार नाही. जी दृष्टी आहे तिच्यात माती वाचवण्याची जागा शोधावी लागेल. हद्दीची चिंता खरी आहे, तेव्हा आधी मोजणी करून दगड रोवावेत. मालकी दगडाने सांगितली, म्हणजे ती सांगण्याच्या ओझ्यातून बांध मोकळा होतो आणि उताराला आडवा पडू शकतो. भावाभावांनी वाटण्या ठेवाव्यात, पण पेरणी तरी पट्ट्या जोडून एका दिशेने करावी. गायरान राखताना ज्याचे पोट त्यावर आहे त्याच्या चाऱ्याची सोय आधी व्हावी. आणि शासनाने बांध आखण्यापूर्वी, तो कोणाकोणाच्या अंगणातून जातो, एवढे तरी त्या त्या माणसाला विचारावे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दोन घरांनी मोजणी आणून हद्दीचे दगड रोवले. कज्जा मिटला असे मी म्हणणार नाही, कारण वडील आणि चुलते अजूनही एकमेकांशी मोजकेच बोलतात. परंतु घळ दोघांनी मिळून दगडांनी बुजवली आणि तिच्यावर आडवी ताल घातली. ती नेमकी कोणाच्या हिश्शात येते, हे मी वडिलांना विचारले. त्यांनी दगडांकडे पाहिले, थोडे थांबले आणि म्हणाले, "दोघांच्याबी खाली हाय. राहू दे."